देवयानीच्या शेजारचा ठिपका

संगमनेरच्या आमच्या गच्चीवरून पुणे-नाशिक महामार्गाचे दिवे भरपूर दिसतात, तारे मोजकेच. बारावीतल्या लेकीने उपदीर्घिकेचा, म्हणजे मोठ्या दीर्घिकेभोवती फिरणाऱ्या छोट्या दीर्घिकेचा, फोटो काढायचं ठरवलं तेव्हा पहिली अडचण अंधाराची होती. दुसरी तिच्या दादीची.

उपदीर्घिकांत नाव मोठं मॅगेलनच्या मेघांचं. पण मोठा मेघ आपल्याकडे क्षितिजाला जेमतेम टेकतो, लहान तर उगवतच नाही. म्हणून तिने देवयानी दीर्घिकेची सोबतीण एम ३२ निवडली. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं.

देवयानीची नोंद इस्फहानच्या अब्द अल-रहमान अल-सूफी यांनी ९६४च्या सुमारास आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात केली, एक छोटा ढग म्हणून. दुर्बीण यायला तेव्हा साडेसहाशे वर्षं होती! एम ३२ शोधली १७४९ मध्ये फ्रान्सच्या ल जांतीने. पुढे हाच गृहस्थ शुक्राचं अधिक्रमण पाहायला हिंदुस्थानात आला. १७६१ची संधी युद्धामुळे हुकली, म्हणून आठ वर्षं इकडेच थांबला, आणि १७६९ला पाँडिचेरीत ऐन वेळी ढग आले. घरी परतला तर त्याला मेलेला समजून वारस इस्टेटीवर बसलेले. लेकीला ही गोष्ट फार आवडते. मला त्याच्या घरच्यांची काळजी वाटते.

"जवान पोरगी रात्री शेतात? लोक काय म्हणतील?" सासूबाईंचा सवाल. त्यांच्या मनात एक स्थळ होतं, माझ्या मनात बी.एस्सी.चा फॉर्म. मी म्हटलं, "अम्मी, तुम्हीच सोबत चला."

नोव्हेंबरच्या अमावास्येला इशानंतर आम्ही अकोल्याच्या पुढे नात्यातल्या एकांच्या शेतावर गेलो. कॅमेरा तिच्या मामूंचा, लग्नाचे फोटो काढून झिजलेला. पृथ्वी फिरते, त्यामुळे जास्त वेळ झडप उघडी ठेवली की ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून दोन-दोन सेकंदांचे ३०० फोटो काढायचे आणि नंतर संगणकावर एकावर एक बसवायचे. दहा मिनिटांचा उजेड असा चिमूटचिमूट गोळा होतो. अम्मी गोधडी पांघरून प्रत्येक खटक्याला मान हलवत होत्या.

"हा उजेड निघाला तेव्हा इथं कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"आपल्यासारखी माणसं नव्हतीच, दादी."

"सुब्हानअल्लाह," म्हणून त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एवढे तारे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले.

फोटोत देवयानीचा लांबट धूसर डाग आला आणि त्याला खेटून एक फुगीर ठिपका. तोच एम ३२. तिची दुसरी सोबतीण एम ११० काही आली नाही, ती फारच फिकट. अनोळखी माणसाला वाटेल, काचेवर धूळ बसली आहे.

गेल्या आठवड्यात स्थळवाल्या बाई आल्या होत्या. चहाआधीच अम्मींनी तो फोटो पुढे केला, ठिपक्यावर बोट ठेवून अंतर सांगितलं, लाखांचा आकडा दोनदा. स्थळ अजून मोडलेलं नाही. पण पोरीचं कॉलेज होईपर्यंत थांबणार का, हे त्या बाईंना विचारलं ते अम्मींनीच.