काळ्या ऑइलातली चमक

परवा नातवाच्या मोटारसायकलचं ऑइल बदलायला त्याच्याबरोबर उद्यमनगरात गेलो होतो. खरं तर माझं तिथं काही काम नव्हतं. पण गाडीचे निम्मे पैसे माझ्या पेन्शनमधले, आणि निवृत्त मास्तरला वेळेची काय कमी! आमच्या ओळखीच्या मिस्त्रींचं गॅरेज एका बोळात आहे. एका बाजूला लेथची घरघर, समोर कास्टिंगचे ढीग. मिस्त्रींनी ऑइलचा रिकामा डबा उलटा करून मला बसायला दिला.

गाडी जुनी, शंभर सीसीची, महिन्यापूर्वीच घेतलेली. विकणारा म्हणाला होता, "एका हातातली गाडी आहे काका, डोळे झाकून घ्या." आम्ही तशीच घेतली.

मिस्त्रींनी इंजिन थोडं गरम केलं, खालचा नट सोडला, काळं ऑइल ट्रेमध्ये उतरलं. ट्रे उन्हात नेऊन त्यांनी जरा तिरका धरला आणि गप्प झाले. मग म्हणाले, "सर, हिकडं या जरा."

ऑइलवर चमक होती. मला आधी वाटलं उन्हाचीच. त्यांनी बोट बुडवून माझ्यासमोर धरलं. "नख लावून बघा." नखाला खरखर लागली. मोहरीच्या सालीएवढ्या बारीक पत्र्या होत्या. मग त्यांनी जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणलं, कागदात गुंडाळलं आणि ऑइलात फिरवलं. बऱ्याचशा पत्र्या चिकटून वर आल्या, थोड्या खालीच राहिल्या.

विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचा तास मला घ्यावा लागे. कागदावर लोहकीस पसरून खालून चुंबक फिरवायचं, मुलांनी टाळ्या वाजवायच्या. त्याचा असाही उपयोग असतो हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं!

मिस्त्रींनी समजावून सांगितलं. चिकटलं ते लोखंड-पोलाद, म्हणजे गिअर, बेअरिंग किंवा टायमिंग चेन. राहिलं ते ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा क्लच. या चार-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच या सगळ्यांना मिळून लिटरभर ऑइल असतं. एका विहिरीवर तीन घरं पाणी भरतात म्हणा ना. त्यामुळे कुणाच्या घरचं काय पडलं ते ओळखायचं अवघड. नव्या गाडीत भाग एकमेकांवर घासून बसतात, तेव्हा पिठासारखी बारीक चमक येते, त्यात काळजीचं काही नसतं. म्हणून तर पहिलं ऑइल लवकर बदलतात. पण जुन्या गाडीत नखाला लागणाऱ्या पत्र्या म्हणजे आत काहीतरी सुटतंय.

त्यांनी नवं ऑइल घालून इंजिन चालू केलं, लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावली. "बेअरिंग बोलाय लागलंय." मग काय मनात आलं कोण जाणे, गाडी बंद करून त्यांनी सीट काढली. खालच्या कोपऱ्यात वाळलेला, मऊ, करडा गाळ होता. कोल्हापूरच्या माणसाला हा गाळ ओळखायला शिकवावं लागत नाही.

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. माणसं आणि जनावरं बाहेर काढता काढता पुरेवाट झाली, गाड्यांकडे कोण बघणार? मिस्त्री म्हणाले, पाण्यात बसलेल्या गाडीला वरून रंग देता येतो, नवी सीट चढवता येते. पण बेअरिंगला आतून गंज धरला की तिथं बारीक खड्डे पडतात. गोळ्या त्याच खड्ड्यांवरून फिरत राहतात, पत्र्या सुटतात, आणि त्या पत्र्या ऑइलाबरोबर फिरून आणखी काही खरवडतात. इंजिन पूर्ण खोलायचं म्हणजे गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा.

तिथं काम करणारा एक मुलगा सहज म्हणाला, "दाट ऑइल घालूया की. आवाज बसतोय. आठ दिवसांत काढून टाका." नातवानं माझ्याकडं बघितलं. मी काहीच बोललो नाही. चटकन बोलायला जीभ उचलली नाही, त्याचं कारण सांगतो.

१९७९ साली शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज काढून मी राजदूत घेतली होती. टू-स्ट्रोक गाडी, इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं आणि गिअरचं वेगळं. राधानगरी रोडवरच्या शाळेला बारा वर्षं तिच्यावरून गेलो. १९९१ मध्ये गिअरचं ऑइल सोडलं तर त्यात असाच चुरा निघाला. दुसरा गिअर सुटत होता. तेव्हाचे मिस्त्री म्हणाले, "गिअरबॉक्स खोला, नाहीतर विका." मी दाट ऑइल घालायला सांगितलं आणि गाडी विकायला काढली.

नदीपलीकडच्या गावातला एक दूधवाला बघायला आला. त्यानं एकच विचारलं, "मास्तर, गाडी बरी हाय न्हवं?" मी म्हणालो, "रोज शाळेला तिच्यावरनंच जातोय की!"

वाक्य खरं होतं. व्याकरणातही बसत होतं. त्यानं पैसे मोजून दिले.

दोन-तीन महिन्यांनी गंगावेशीत तो दिसला. सायकलला दुधाच्या किटल्या अडकवलेल्या. त्यानं मला बघितलं, हात जोडून "नमस्कार मास्तर" म्हणाला आणि पुढं गेला. गाडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. मग मी विसरलो तरी असतो.

हे मी घरात कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. परवा त्या उलट्या डब्यावर बसून नातवाला सांगितलं. मिस्त्री ऐकत होते, तो मुलगाही ऐकत होता. नातू थोडा वेळ चुंबकाकडं बघत राहिला, मग मिस्त्रींना म्हणाला, "खोला इंजिन." आता महिनाभर तो केएमटीनं कामाला जाईल. खर्च आम्ही दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घेतलाय.

ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, आम्हीपण अशीच घेतली होती, आम्हाला काय माहीत?" कदाचित ते खरंही असेल. माझंही वाक्य खरंच होतं.

तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी घेणार असाल तर "बरी आहे ना?" असं विचारत बसू नका. ऑइलची काडी काढून पांढऱ्या कागदावर पुसा आणि उन्हात धरा. सीट काढून कोपरे बघा. आणि विकणार असाल तर, समोरच्यानं विचारलं नाही तरी, काय असेल ते सांगून टाका. पैसे थोडे कमी येतील. पण तो माणूस गंगावेशीत भेटला तर थांबून त्याच्याशी बोलता येईल.