झीज

दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर हातून कपबशी फुटली, तर तो अपराध लहानच म्हणायचा. कपबशी नवी आणून देता येते. मी मात्र सुनेच्या घरी तिच्या आईच्या सुरीचा टवका उडवला. आणि सूनही कोणती, तर जिच्या लग्नाला मी गेले नव्हते ती.

सून जपानी. मुलाने लग्न ठरवल्याचे कळवले तेव्हा मी त्याला फोनवर दोनच वाक्ये बोलले. ती आज मला उच्चारवत नाहीत. पुढे वर्षे गेली, नातू झाला, आणि गेल्या वर्षी पाने लाल होण्याच्या दिवसांत मी ओसाकाला त्यांच्याकडे महिनाभर राहिले. सून मला 'आई' म्हणे. तिला मराठी शब्द येत ते वीस-पंचवीस, पण त्यांतला एकही ती कधी वावगा वापरत नसे. तिने माझा मान राखला, मी तिचा राखला. मान राखणे आणि जवळ करणे यांत अंतर असते, आणि ते अंतर आम्ही दोघींनी नीट जपले होते.

एके दुपारी नातवाला घारगे करून घालावेत असे मनात आले. तिकडचा भोपळा लहान, हिरव्या पाठीचा आणि चवीला गोड. पण साल भलतीच कठीण. माझा जन्म विळीवर गेलेला. विळीचे पाते जागचे हलत नाही. आपण पाटावर पाय रोवून बसावे आणि भोपळा दोन्ही हातांनी पात्यावर दाबावा. सुरीचे सगळेच उलटे. पाते अर्ध्यावर रुतले आणि मी ते पिळून काढू लागले. 'कट्' असा बारीकसा आवाज झाला. पाहिले, तर धारेतून मसुरीच्या डाळीएवढा टवका गेला होता.

तुम्ही म्हणाल, लगेच सांगून मोकळे व्हावे. मी सुरी धुतली, कोरडी केली आणि गुपचूप जागच्या जागी ठेवून दिली. साठी उलटलेल्या बाईने शाळकरी पोरासारखे वागावे! रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी सांगितले. सुनेने सुरी उजेडात धरली, काही बोलली नाही. ती सुरी तिच्या वारलेल्या आईची होती, हे मला मुलाकडून कळले.

दुसऱ्या दिवशी ती मला साकाईला घेऊन गेली. हे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते जाखाई-जोखाईसारखे एखाद्या ग्रामदेवतेचे वाटले होते. तेन्नोजीहून सुटणारी ट्राम यामातो नदी ओलांडून गेली की हे लोहारांचे गाव लागते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात तंबाखू नेली. ती बारीक कातरायच्या सुऱ्या साकाईच्या लोहारांनी घडवल्या, आणि त्या इतक्या नावाजल्या की पुढे शोगुनच्या सरकारने त्यांना आपला शिक्का दिला. ज्या फिरंग्यांनी १५१० साली आमचा गोवा घेतला, त्यांनीच असे नकळत साकाईच्या भात्यालाही काम दिले. या गावात एकच माणूस सबंध सुरी करीत नाही. लोहार पाते घडवतो, शिकलगार धार काढतो, मूठ बसवणारा तिसराच.

आमच्या सुरीच्या पोटात कठीण पोलादाचा पातळ थर होता आणि दोन्ही बाजूंनी मऊ लोखंडाचे अस्तर. पात्याला पाणी द्यायच्या वेळी लोहार कारखान्यात अंधार करतो; तापलेल्या पात्याचा नेमका रंग उजेडात ओळखू येत नाही. ती लाली साधली की पाते पाण्यात बुडते आणि पोलाद कठीण होते. कठीण म्हणून ते केसासारखी धार धरते, आणि कठीण म्हणूनच पिळले की तुटते.

शिकलगाराने टवक्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. गेलेला तुकडा भरता येत नाही. उरलेली सगळी धार घासत घासत टवक्याच्या तळापर्यंत आणायची, एवढाच उपाय. माझ्या पोटात कालवले. माझ्या एका चुकीपायी सबंध पाते कमी होणार!

आमच्या गल्लीत येणाऱ्या धारवाल्याच्या चाकातून ठिणग्या उडतात. इथे चाकावर सारखे पाणी पडत होते, कारण पाते तापले की त्याचे पाणी उतरते. चाकानंतर हाताने दगडांवर, आधी भरड, मग मधला, मग गुळगुळीत. दगडावर साचलेला राखाडी चिखल तो धुऊन टाकत नव्हता. पाते घासण्याचे अर्धे काम तोच करतो. मधूनच तो धारेच्या पाठीशी बोट लावून बारीक कंगोरा उमटला का ते पाही, आणि पाते उलटे करी.

तेवढ्यात सुनेने फोनवर एक जुने छायाचित्र काढून माझ्यापुढे धरले. स्वयंपाकघरात एक बाई, हातात हीच सुरी. पण रुंद, आताच्यापेक्षा चांगली दोन बोटे रुंद. सुनेने ती दोन बोटे माझ्या तळहातावर ठेवून दाखवली. मग शब्द जुळवत म्हणाली,

"माझी आई पण... भोपळा."

आणि ती हसू लागली. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आले. शिकलगार बिचारा खाली मान घालून घासत राहिला.

त्या रात्री मुलाला मधे बसवून मी सुनेला ती दोन वाक्ये सांगितली. ती तिला ठाऊक नसतील अशी माझी समजूत होती. ठाऊक होती. मी क्षमा मागितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग उठली आणि दगड पाण्यात भिजत घातला. त्यातून बुडबुडे यायचे थांबल्यावर तिने माझा हात धरून पाते कसे कलते धरायचे ते शिकवले.

दुसऱ्या दिवशी घारगे झाले. भोपळा तिनेच चिरला, आधी जरासा वाफवून.