मंडपाचं भाडं वेगळं, गंजाचं वेगळं

दिग्रसला आमच्या मामांचं बिछायत केंद्र आहे. लग्नसराईत वही सांभाळायला मी बसायचो. मंडपाचं भाडं ऐकून पार्टी खूश व्हायची, मग मामा हळूच विचारायचे, "गंज, कढया, गाद्या कोणाच्या?" त्यांचं भाडं वेगळं, नगावर! माल परत आला की, "बाबू, पयले मोजून घे!" मित्रहो, सॉफ्टवेअर लायसन्सिंगचे धडे मी तिथंच गिरवले म्हणा ना.

गेल्या सत्रात आमच्या लॅबसाठी एक कोटेशन आलं. नेटवर्कवरून मशीन सांभाळायच्या सॉफ्टवेअरची किंमत एक. आणि कोऱ्या मशीनवर सिस्टिम चढवणारं प्रोव्हिजनिंग मॉड्यूल 'ॲड-ऑन', दर मशीनमागे, दर वर्षाला. आमच्या मशीन 60. सरांनी कागद हातात दिला, "बघ रे, हे लागतंच का?" प्रश्न साधा नव्हता. पेनड्राइव्हनं एकेक मशीन भरायची म्हणजे लॅब दोन आठवडे बंद, आणि होस्टेलवर ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी प्रॅक्टिकल कुठं करायचं?

शोधल्यावर कळलं की हे चढवण्याचं तंत्र कुणा एका कंपनीच्या कुलपात नाहीच. इंटेलनं पीएक्सईचं 2.1 हे स्पेसिफिकेशन 1999 मध्येच जाहीर केलंय. मशीन सुरू झालं की नेटवर्क कार्ड डीएचसीपीकडे पत्ता मागतं, सोबत बूट फाइल कुठं आहे ते कळतं, टीएफटीपीनं ती उतरते, मग कर्नल येतो. इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं किकस्टार्ट फाइलमध्ये आधीच लिहिलेली. माणसानं 'नेक्स्ट, नेक्स्ट' करायची गरज नाही!

मग पैसे कशाचे? 2000 च्या दशकात रेड हॅट नेटवर्कमध्ये अपडेट, मॅनेजमेंट, प्रोव्हिजनिंग अशी मॉड्यूल्स होती. प्रोव्हिजनिंगमध्ये किकस्टार्ट तर होतंच, पण कॉन्फिगरेशन फाइल्स सांभाळणं, बिघडलं तर मशीन आधीच्या अवस्थेला नेणं हेही होतं. थोडक्यात, मामांची वही! पुढं 2008 मध्ये त्यांच्या सॅटेलाइट सर्व्हरचा कोड 'स्पेसवॉक' नावानं खुला झाला. तो प्रकल्पही 2020 मध्ये बंद पडला. फुकटच्या गोष्टीलाही राबणारा माणूस लागतो, राव.

म्हणूनच 'पैसे देणारे मूर्ख' हे आमच्या काही मित्रांचं मत मला पटत नाही. बँकेचा सर्व्हर रात्री दोनला बसला तर फोन उचलणारा कोणीतरी हवाच. आमच्या लॅबला मात्र वही नको होती, नुसते गंज हवे होते.

एका जुन्या पीसीवर आम्ही कॉबलर टाकलं. 2006 च्या सुमारास रेड हॅटमध्येच जन्मलेलं, मुक्त. कॉलेजच्या डीएचसीपीशी भांडण नको म्हणून स्विच वेगळा ठेवला. शनिवारी संध्याकाळी दहा-दहाच्या तुकड्यांनी मशीन लावल्या. रविवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत 60 तयार!

आम्ही मे महिन्यात बाहेर पडू. किकस्टार्ट फाइलमधली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते लॅबच्या रजिस्टरात मराठीत लिहून ठेवलंय, आणि सेकंड इयरच्या दोघींना पुढच्या शनिवारी बोलावलंय. मशीन त्या लावतील, मी फक्त बाजूला बसणार.