डेव्हीह्यूमचें विरजण

मँचेस्टरास जाणारा प्रवासी तेथील जुन्या गिरण्या, ग्रंथालयें व क्रिकेटचें मैदान पाहून परततो. मैलापाणी शुद्ध करण्याचा कारखाना पाहूं इच्छिणारे आमच्यासारखे थोडेच. पुतण्याच्या घरीं उतरलों होतों. आमच्या वृद्ध आत्याबाईही तेथेंच असतात. ‘आल्यावर आधीं स्नान, मग स्वयंपाकघर,’ असें बजावूनच त्यांनीं आम्हांस निरोप दिला.

शहराच्या पश्चिमेस, जहाजें चालणाऱ्या कालव्याच्या कांठीं डेव्हीह्यूम आहे. कालवा व कारखाना दोन्ही १८९४ सालचे. प्रारंभीं, जेथें पाणी गाळतात व निवळूं देतात, तेथें नाकाशीं रुमाल धरावाच लागला, हें लपवीत नाहीं. परंतु पुढें, तळापासून हवेचे बुडबुडे उसळणाऱ्या तपकिरी हौदांपाशीं येतांच हात आपोआप खालीं आला. येथें वास होता तो भिजल्या मातीचा!

त्या तपकिरी गाळांत जंतूंचीच वस्ती आहे. मैलापाण्यांतील अमोनिया माशांस विष. जंतूंचा एक वर्ग प्राणवायूच्या साह्यानें त्याचें नायट्राइट करतो, तेंही विषारीच. दुसरा वर्ग त्याचें नायट्रेट करतो, व तें पुष्कळ सौम्य. हे जंतु फार सावकाश वाढतात. पाण्याबरोबर वाहून गेले कीं काम थांबलेंच.

एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनीं येथेंच प्रयोग केले. बाटलींत मैलापाणी भरून त्यांतून हवा सोडली. अमोनिया पूर्ण पालटावयास सुमारें पांच आठवडे लागले. दुसऱ्या कोणी येथें बाटली धुवून ठेविली असती. यांनीं वरचें निवळ पाणी काढून टाकलें, गाळ तसाच राखला व त्यावर नवें मैलापाणी घातलें. असें पुनःपुन्हा केल्यावर तेंच काम चोवीस तासांच्या आंत होऊं लागलें. ३ एप्रिल १९१४ रोजीं मँचेस्टरांतील रसायनज्ञांच्या सभेपुढें त्यांनीं आपला निबंध वाचला. त्यांस ही वाट सुचविणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत अध्यापक होऊन आले, हें आपल्याकडे किती जणांस ठाऊक असेल?

सायंकाळीं, अर्थात् स्नानानंतर, आम्हीं हें सर्व आत्याबाईंस सांगितलें. त्या दुधाला विरजण लावीत होत्या.

‘म्हणजे कालचें राखून आज लावायचें, एवढेंच ना रे?’

आम्हीं ‘होय’ म्हटलें.

‘मग तें नासत नाहीं का कधीं?’

नासतें. एखाद्या कारखान्यानें जड धातूंचें वा तीव्र आम्लाचें पाणी गटारांत सोडलें कीं जंतु मरतात, आणि नवी वस्ती जमावयास आठवडे जातात.

‘मग शेजारून मागून आणावें!’ आत्याबाई म्हणाल्या.

तेथेंही तसेंच करतात. दुसऱ्या कारखान्यांतला जिवंत गाळ टँकरनें आणून हौदांत ओततात.