नातवाची वही

काशीत ब्रह्माघाटाजवळ आमचे मराठी घर पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. गल्लीतल्या देवळाची घंटा वाजली की माझा नातू दोन्ही कान झाकून घेई. नावाने हाक मारली तर मात्र वळूनही पाहत नसे. ‘मुलगे उशिराच बोलतात,’ असे म्हणत एक वर्ष मीच दवडले.

पुढे निदान झाले : स्वमग्नता. लिओ कॅनर यांनी तिचे वर्णन १९४३ सालीच केले होते. आईच्या वागण्याने ती होत नाही, हे सुनेला बोल लावणाऱ्यांस मला बजावून सांगावे लागले.

खरी अडचण नंतरची. बालरोगतज्ज्ञ, वाचोपचार करणाऱ्या बाई, बालवाडीच्या ताई, प्रत्येकास मुलाचा एकेक तुकडाच दिसे. वाचोपचाराच्या बाईंनी चित्र देऊन वस्तू मागायला शिकवावे, आणि आम्ही ते चित्र खेळणे समजून कपाटात ठेवावे! अखेर सुनेने एक वही घातली. मूल जाईल तिथे वही जाई. कशाने बिथरला, काय साधले, एवढेच प्रत्येकाने लिहायचे. (डॉक्टरांचे अक्षर लावण्याचे काम माझे.) १९९० साली काशीत दिव्यांग मुलांसाठी स्थापन झालेल्या ‘किरण’सारखी संस्था आपल्या जवळपास असेल, तर तेथेही अशी वही न्यावी.

तहान लागली की नातू माझे मनगट धरून मला माठाकडे ओढी. गेल्या महिन्यात ताईंनी लिहिले, ‘आज पाण्याचे चित्र स्वतः आणून दिले.’ तेच चित्र मी घरी माठावर लावले. रात्री माझे मनगट कोणी ओढले नाही. चित्र तेवढे हातात आले.