दीडशे विटा

घर बांधून झाले की उरलेल्या विटा ताबडतोब कुणाला तरी देऊन टाकाव्यात, असे आमचे एक शेजारी नेहमी सांगतात. त्या घरधन्याला स्वस्थ बसू देत नाहीत. कुठे ओटा, कुठे कठडा, निदान कोंबड्यांचे खुराडे तरी, असे काही ना काही त्याच्या डोक्यात घोळू लागते. मागची खोली नव्याने बांधली तेव्हापासून माझ्या परसात अशाच दीडशे विटा रचून ठेवलेल्या होत्या. गेल्या दिवाळीत त्यांनी माझ्या डोक्यात जे भरवले, ते होते बार्बेक्यू!

हा शब्द आमच्या अलिबागकडच्या वाडीत आणला माझ्या मावसभावाने. तो न्यू जर्सीत असतो. घरामागच्या हिरवळीवर त्याने विटांचा कमरेइतका उंच, तीन बाजूंनी बंद असा आडोसा बांधला आणि त्याचे छायाचित्र मोबाइलवर पाठवले. वर लोखंडी जाळी, खाली निखारे, जाळीवर मक्याची कणसे आणि हातात लांब चिमटा घेऊन तो स्वतः, यज्ञाला बसलेल्या यजमानासारखा प्रसन्न! मला वाटले, आपल्याला हे का जमू नये? विटा आहेत, परस आहे, मुले आहेत आणि दिवाळीची सुट्टी आहे. शाळामास्तराजवळ याहून अधिक असते तरी काय?

कागद-पेन्सिल घेऊन मी हिशेब मांडला. वीट नऊ इंच लांब. दहा विटांचा एक थर. असे दहा थर, म्हणजे शंभर. तळाला पंचवीस. उरलेल्या पंचवीस फुटीतुटीला. हिशेब इतका चोख जुळला की, विटा यासाठीच उरल्या होत्या अशी माझी खात्री पटली.

गवंड्याला बोलावले. त्याने सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मास्तर, सिमेंटात नको. आचेनं तडे जातील. चिकणमातीत बांधू." मग विटांकडे एकवार पाहून हळूच विचारले, "म्हंजे चूलच ना?"

बार्बेक्यू म्हणताना जे एवढे भारदस्त वाटत होते, ते चूल म्हणताच एकदम ओळखीचे झाले. सौ. दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "बांधा हो खुशाल. पण पेटवायची तुम्ही, फुंकायची तुम्ही आणि राख भरायची तीही तुम्हीच." मी तात्काळ कबूल केले. इतक्या तात्काळ, की माझा मलाच संशय आला. कारण उभ्या आयुष्यात मी एकदाही चूल पेटवलेली नाही.

आता प्रश्न जागेचा. परसात सुपारीच्या झाडांपासून मोकळी अशी एकच जागा होती, आईच्या खोलीच्या खिडकीखाली. म्हणून आईला विचारायला गेलो.

आमच्याकडे गॅस आला १९९८ साली. तोवर आईने चुलीवरच रांधले. माहेरची वर्षे धरली तर चाळीसच्या आसपास. नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठून ती परसातल्या चुलीवर आंघोळीच्या पाण्याचा हंडा चढवी. आम्ही भावंडे कुडकुडत तिच्या पाठीशी जाऊन बसत असू. जाळाच्या उजेडात उजळलेला तिचा चेहरा माझ्या मनात असा ठसला की, पुढे एका कादंबरीत मी त्यावर अख्खे पान लिहिले. वाचकांना ते आवडलेही. त्या पानात धूर मात्र कुठेच नव्हता.

तो मला दिसला दोन वर्षांपूर्वी, डॉक्टरांच्या खोलीत. आईची धाप वाढली होती. डॉक्टरांनी विचारले, "विडी, तंबाखू?" आई हसली. मग त्यांनी विचारले, "चुलीवर किती वर्षं काढलीत?" आईने सांगितले तो आकडा त्यांनी कागदावर उतरून घेतला. विडीला कधी शिवली नाही अशा बाईची छातीही घरातला धूर वर्षानुवर्षे पोखरत राहतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

आणि हे सारे ठाऊक असून मी तिच्या खिडकीखाली चूल बांधायला निघालो होतो!

आई म्हणाली, "बांध की. पोरांना मजा येईल. मी घेईन माझी खिडकी लावून." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "पण बांधलेली चूल रोज पेटायला मागते रे. तीन दगड बरे. काम झालं की उचलून ठेवावेत."

गवंड्याला मी दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला.

पुढे सहज वाचनात आले की, बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरल्या ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला, आणि त्याचा मूळ अर्थ लाकडाची माचण. म्हणजे मुळात त्यात विटा नव्हत्याच. आमच्या पोपटीत तरी त्या कुठे असतात? पौषात वालाच्या शेंगा भरल्या तेव्हा आईने अंगणात बसून स्वतःच्या हाताने मडके भरले: तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ नि ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये चार बटाटे, तोंडाशी पुन्हा पाला. पाणी नाही, तेल नाही. मुलांना घेऊन मी दूर शेतात गेलो, मडके उपडे घातले, भोवती पेंढा आणि गोवऱ्या रचल्या. जाळ मी पेटवला. तीनदा विझला. डोळे चुरचुरले, खोकून खोकून जीव अर्धा झाला, आणि मुले हसली. मडक्यावर पाण्याचा शिपका मारताच चर्र झाले, तेव्हा पोपटी झाली. दुसऱ्या दिवशी शेतात राखेच्या काळ्या डागाखेरीज काही उरले नव्हते.

विटांचा मी खिडकीखाली ओटा बांधून घेतला. सकाळच्या उन्हात आई तिथे बसते. त्या संध्याकाळीही तिथेच होती. गरम शेंगांची ताटली तिच्या पुढ्यात ठेवली. तिने एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, आणि माझ्या लाल डोळ्यांकडे पाहत म्हणाली, "मीठ जरा कमीच पडलं माझं."