नुक्ता बडनेऱ्याला राहिला

सुरेश भटांचा जन्म अमरावतीचा, १९३२ सालचा. त्यांच्या गावात वाढल्यावर गझलेचं वेड वेगळं कोणी लावावं लागत नाही. उर्दू गझल मात्र मी देवनागरीतच वाचायचो. लॉकडाऊनमध्ये लिपी शिकायला घेतली, ती 'रेख्ता'वाल्यांच्या 'आमोजिश' या साइटवर. 'रेख्ता' हे उर्दू शायरीचं संकेतस्थळ २०१३ साली सुरू करणारे संजीव सराफ जन्मानं नागपूरचे, म्हणजे आपल्या विदर्भाचेच.

अक्षरं पटापट आली. बे, पे, ते यांचं बूड एकच. एकाला खाली एक नुक्ता (टिंब), दुसऱ्याला खाली तीन, तिसऱ्याला वर दोन. शब्दात शिरली की बूडही आखडतं, उरतो नुसता एक दात. खरी रडकथा त्यापुढे. जेर-जबर, म्हणजे ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, सहसा छापतच नाहीत. शब्द आधी ठाऊक हवा, तरच वाचता येतो. बरेच जण इथेच पुस्तक मिटतात. मला गझलेनं धरून ठेवलं. रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारे शब्द, दर शेराला तीच, त्यामुळे ओळीच्या डाव्या टोकाला ओळखीचं कोणीतरी उभंच असतं. त्याच्या अलीकडचा काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, अंदाजानं लागतो. शिवाय मेहदी हसन, गुलाम अली यांच्यामुळे निम्मे शेर कानात होतेच.

नोकरी अकोल्याला, घर अमरावतीत. बडनेऱ्याला गाडीत बसलो की एक गझल, एवढाच नेम. शेजारी पत्त्यांचा डाव आणि कापसाच्या भावाची चर्चा. कुरुम-मानाच्या आसपास नेट जायचं, म्हणून आदल्या रात्रीच स्क्रीनशॉट काढून ठेवू लागलो. त्यानं भलतंच काम केलं. 'रेख्ता'वर एक बटण दाबलं की तीच गझल देवनागरीत दिसते, आणि अडलं की बोट तिकडेच जायचं. स्क्रीनशॉटला बटण नसतं! मूर्तिजापूर येईपर्यंत त्याच शब्दाशी झटत बसावं लागतं.

सलग किती दिवस झाले, हे मोजणारी ॲप्स असतात. मी त्या वाटेला गेलो नाही. सुट्टीला गाडी नाही, तर अभ्यासही नाही. लग्नसराईत आठवडा बुडतो, सोमवारी डब्यात बसलं की फोन आपोआप हातात येतो. आकडा तुटला म्हणून नादच सोडणारे मी पाहिलेत.

अकोल्याचे एक निवृत्त उर्दू शिक्षक ओळखीचे झाले. रोज एक शेर हातानं लिहून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतो. तपासून लगेच उत्तर येतं, "भाऊ, तुमचा नुक्ता बडनेऱ्यालेच राहिला!" छापील मजकूर आता बऱ्यापैकी सुटतो, हे कळल्यापासून सर त्यांच्या जुन्या वहीची पानं धाडतात. त्यात नुक्ते अक्षरापासून बोटभर लांब पडलेले, तीन नुक्त्यांच्या जागी एक फराटा. अर्धं पान लावता लावता बोरगाव मागे पडतं.